पायाळू पोरीची पाठ

आये, पाठीचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले आणि अजून पलंगावरून उठताना माझ्या तोंडून जनावरासारखा आवाज निघतो. हे तुला म्हणून सांगते. बाकी कोणी विचारलं तर "आता पुष्कळ आराम आहे" असं म्हणते, मग विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. त्यालाही तेच ऐकायचं असतं. तू जाऊन पंचवीस वर्षं झाली, तुझ्याजवळ खोटं बोलून मला काय मिळणार? लिहितेय तीही आडवी पडून, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घालून. बसलं की थोड्याच वेळात कमरेतून निखारा सुटतो, तो मांडीच्या मागून पोटरीत आणि पोटरीतून अंगठ्यापर्यंत जातो. उभं राहिलं की डावा पाय बधिर. पडून राहिलं की पाठ आखडते. म्हणजे माणसानं नेमकं राहायचं तरी कसं, ते डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा आपल्या अंजूरला गोडाऊनं नुकती यायला लागली होती. आता शेत म्हणून फार थोडं उरलंय. तू जिथं वाकून भाताची रोपं लावत आवणी करायचीस त्या खाचरांवर भराव पडला, वर पत्र्याची लांबच लांब गोडाऊनं उभी राहिली, आणि माझा नवरा गेल्यापासून मी त्यांतल्याच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जात होते. सकाळी भिवंडीहून शेअर रिक्षा, दिवसभर उभ्यानं ड्युटी. खोक्याला टेप लावायची, स्टिकर मारायचा, खोकं पुढं सरकवायचं. खोकी उचलताना कधी काही झालं नाही बघ. झालं ते खाली पडलेलं मार्कर पेन उचलताना. वाकले, आणि पाठीत ओली फांदी मोडावी तसं काहीतरी मोडलं. तिथंच लादीवर बसले. सुपरवायझर धावत आला, "मावशी, क्या हुआ, चक्कर आया क्या?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, पेन उचलत होते." तो हसला. मीही हसले. त्यानंतर त्या गोडाऊनमध्ये माझं पाऊल पडलेलं नाही.

मणक्याची गादी सरकली, नस दबली. आधी पट्टे झाले, गोळ्या झाल्या, शेक झाला, कोणी सांगितलेलं तेल झालं. शेवटी पाय ओढायला लागले तेव्हा ठाण्याला नेऊन कापलं. ऑपरेशन चांगलं झालं. हे मी नाही म्हणत, डॉक्टर म्हणतात. मागच्या महिन्यात फोटो उजेडावर धरून म्हणाले, "बघा, सगळं छान आहे." मी म्हटलं, "फोटोत छान आहे तर मला दुखतं कशाला?" ते म्हणाले, "नस फार दिवस दबून होती ना ताई, ती हळूहळू जागी होते. धीर धरा." "किती धरू?" "ते कसं सांगणार? कोणाला वर्ष लागतं. कोणाला थोडं राहूनही जातं." हे शेवटचं ते फाइल मिटता मिटता बोलले, माझी लेक तेव्हा बाहेर पैसे भरायला गेली होती. राहूनही जातं! मुक्कामाला आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं असं तू म्हणायचीस. माझी मुंगी वाटेतच बसलीय, आये, आणि तिला उठवायला कोणी तयार नाही.

आमच्या बिल्डिंगच्या मागं लूमचा कारखाना आहे हे तुला माहीत आहे, लग्नानंतर एकदाच आली होतीस तेव्हा तू म्हणाली होतीस, "हितं झोप कशी लागते गं?" तेव्हा मी हसले होते. पंचवीस-तीस वर्षं तो खटखटाट माझ्या कानांवर पडत होता आणि मला ऐकूही येत नव्हता. आता तो कानांत येत नाही, पलंगाच्या पायांतून वर चढतो आणि टाक्यांच्या जागी येऊन बसतो. एकेक ठोका मोजून घेतल्यासारखा. आणि शुक्रवारी लाइट जाते, लूम बंद पडतात, तेव्हा तरी बरं वाटावं? तेही नाही. त्या शांततेत दुखणं जास्तच मोठ्यानं बोलतं. व्यायामाला रिक्षानं जायचं तर आपले रस्ते. खड्डा आला की रिक्षावाला म्हणतो, "सॉरी आंटी," आणि त्याचं सॉरी पुरं व्हायच्या आत दुसरा खड्डा येतो. जाऊन येऊन जे दुखतं ते व्यायामानं दुखतं की रिक्षानं, हे आजवर कळलेलं नाही. संडासात खुर्ची ठेवलीय, भोक पाडलेली. आंघोळीला स्टूल. खाली वाकायचं नाही म्हणून पाय माझी लेक धुते, पुसते, नखंही तीच कापते. पहिल्या दिवशी तिनं माझा पाय मांडीवर घेतला तेव्हा मी रडले. ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही गं, गुदगुल्या होतात." त्या पायाला तेव्हा काही कळतही नव्हतं.

तू माझी लेक पाहिली नाहीस. तू गेलीस तेव्हा मला तिसरा महिना होता. ती तुझ्यासारखी दिसते, रुंद कपाळ, आणि तुझ्यासारखीच कामाला वाघ. रक्त-लघवी तपासायचा कोर्स केलाय तिनं, पहिल्या नंबरानं. तिचं पुढं सांगते. आधी ह्या पायाचं सांगू दे, कारण सगळं तिथूनच सुरू होतं.

मी पायाळू. आधी पाय आणि मग डोकं, अशी उलटी आले जगात. आणि पायाळूचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण जाते, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मला आठवतं ते असं. मी सात-आठ वर्षांची आहे. खाडीवरून आलेला कोणी, भारे वाहून वाकडा झालेला कोणी, कंबर धरून आपल्या अंगणात उभा आहे. तू त्याला ओटीवर पालथं निजवतेस. मी मेढीच्या खांबाला धरून उभी राहते आणि डावा पाय त्याच्या पाठीवर टेकवते, एकदा, दोनदा, तीनदा. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही, असा तुझा दंडक. माणूस उठतो, कंबर इकडं तिकडं करून बघतो, मग माझ्याकडं बघून म्हणतो, "गेली गं बाय!" आणि तू आतून त्याला चहा आणून देतेस. मोठाली माणसं, मिशावाली, माझ्या पायाखाली पडायची! शाळेत मास्तरांनी मला कितीही हाणलं, गणितात कितीही भोपळे मिळाले, तरी माझ्या मनात असायचं की माझ्यात काहीतरी आहे जे ह्या बाकीच्या पोरींत नाही. एकदा खेळ रंगात आला होता आणि तू हाक मारलीस, कोणीतरी आलं होतं. मी म्हटलं, "थांब गं, मना खेलू दे." तू आलीस ती सरळ माझी वेणी धरून. "लोकांचं दुखनं थांबतंय का तुज्या खेलासाठी?" त्या रागाचं मला नवल वाटलं होतं, एवढ्या तेवढ्यावर तू मारणाऱ्यातली नव्हतीस.

आणि चपला. आळीतली सगळी पोरं अनवाणी, आणि तू मला भिवंडीच्या बाजारातून लाल पट्ट्याच्या चपला आणल्यास. बाबा म्हणाले, पोरीला कशाला हवीत ही थेरं. तू म्हणालीस, "तिच्या पायाला काटा लागला तर गावानं कुनाकडं जायचं?" मी त्या चपला घालून मुद्दाम दोनदा देवळापर्यंत जाऊन आले. आता, आये, डाव्या पायातली चप्पल निसटते आणि मला पत्ता नसतो. चार पावलं पुढं गेले की मागून कोणीतरी ओरडतं, "ओ मावशी, चप्पल राहिली." वळायचं म्हणजे अख्खं अंग वळवावं लागतं, नुसती मान वळवून भागत नाही. तोवर ओरडणाराच ती उचलून आणून देतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आवणीच्या दिवसांत तू संध्याकाळी घरी यायचीस आणि लुगडं न बदलताच ओटीवर पालथी पडायचीस. "ये गं बाय, दे पाय." मी पाय द्यायची. "थोडा वर. हां, तितंच. आता खाली." मग तू हाताला आधार घेऊन उठायचीस, भिंतीकडं तोंड करून क्षणभर उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "गेली. तुजा पाय हाय म्हनून मी हाय." मग चूल पेटवायचीस. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. रोज जाते ती रोज येते कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण लहानपणी आपण आपल्या कौतुकाला प्रश्न विचारत नाही. आणि मग तू गेलीस, आणि तुला तिरडीवर ठेवलं, तेव्हा तुझी पाठ टेकेना. बायकांनी खांदे दाबून बघितले. मेल्यावरही तू कमरेत वाकलेलीच होतीस. शेवटी काकूनं चादरीची घडी करून तुझ्या पाठीखाली घातली, मग तू नीट निजलीस. मी पोटुशी म्हणून मला लांब उभं केलं होतं, पण मी पाहिलं. तेव्हाही मी स्वतःला समजावलं, की मी सासरी गेले, पाय लावायला कोणी राहिलं नाही, म्हणून असं झालं.

आता गेल्या महिन्यातलं ऐक. अंजूरहून काका आले मला बघायला. आपल्या शेजारचे, बाबांचे चुलतभाऊ. किती वय झालं असेल कोण जाणे, पण अजून एकटे रिक्षा बदलत येतात. पिशवीत माझ्यासाठी सुकट आणि वालाच्या शेंगा. बसताना "आई गं" म्हणून कंबर धरली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मग बघतात तर काय, माझ्या पायाकडे. "पोरी, मना तीन दिस झालं उसण भरलीय. आता आलोच हाय तर... लाव की तुजा पाय." माझी लेक चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. "आजोबा! तिचं ऑपरेशन झालंय. तिला स्वतःला चालता येत नाही आणि तुम्ही काय सांगताय?" ते ओशाळले. "न्हाय गं न्हाय, राहू दे." पण मी म्हटलं, "थांबा काका." खरं सांगू आये? ऑपरेशन झाल्यापासून मला सगळे काही ना काही देत होते. गोळी देत होते, आधार देत होते, सल्ले तर विचारूच नको. माझ्याकडं काही मागायला आलेला तो पहिला माणूस होता.

त्यांना चटईवर पालथं निजवलं. लेक बडबडत होती, तिला गप्प केलं. मी कमरेचा पट्टा घट्ट केला, दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरलं आणि डावा पाय उचलायला गेले. पाय उठेना. मग एक हात सोडून गाऊन गुडघ्यापाशी धरला आणि कापडासकट पाय वर ओढला, पोतं ओढावं तसा. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा डोळ्यांपुढं काजवे चमकले. काका उठले, कंबर इकडं तिकडं करून बघितली आणि म्हणाले, "गेली गं बाय!" अगदी तसंच. लेकीनं कपाळाला हात लावला. आणि मी, वेडी, क्षणभर खूश झाले. पण मग म्हटलं, "काका, मला पाय टेकलेला कळला नाही. खरं सांगा. गेली?"

काका पुन्हा चटईवर बसले. म्हणाले, "पाय कुटं लागला पोरी? तुजा गाऊन लागला."

"मग गेली कशाला म्हणालात?"

"सवय हाय." मग म्हणाले, "तुजी आय सगल्यांना सांगून ठेवायची. पोरीसमोर दुखतंय म्हनायचं न्हाय. गेली म्हनायचं, च्या प्यायचा आनि जायचं. मग सगलेच म्हनायचे. तुजा पाय कवाच लागला न्हाय गं बाय कुनाला."

मी म्हटलं, "म्हणजे पायाळूचं हे सगळं खोटंच?"

"खोटं कशाला?" काका माझ्यावरच डाफरले. "पायालूचा पाय लागतो! पडघ्याला एक हाय, त्याचा लागतो. मी तितंच जानार हाय उद्याला. तुजा लागायचा न्हाय, एवढंच."

मला हसू आलं आणि हसताना टाक्यांत कळ गेली. मग त्यांनी सगळं सांगितलं. की माझ्या वेळी तू दोन दिवस अडली होतीस. सुईण हरली होती. मी पायांकडून आले आणि येताना तुझी कंबर घेऊनच आले, तेव्हापासून तू सरळ उभी राहिली नाहीस. आळीतल्या बायका बोलायच्या, पोरीनं आयेची कंबर मोडली, उलटी जन्मली ती उलटंच करनार. आजीनं तर माझं तोंड बघायला दोन महिने लावले. "तुज्या आयेला ते सोसवलं न्हाय," काका म्हणाले. "मग तिनं ही पायाची गोष्ट काडली. म्हनायची, माजी पोर लोकांची कंबर बरी करते, मोडत न्हाय. एकेकाला बोलवून आनायची. आमी जायचो. तिच्या शब्दाला मान होता." आणि माझ्या लग्नाच्या दिवशीचंही सांगितलं. मी सासरी जायला निघताना तुझ्या गळ्यात पडून म्हणत होते, तुझ्या पाठीला आता कोण, आणि तू सगळ्यांसमोर भरलेला हंडा डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन विहिरीवरून ताठ चालत आलीस. "बघ, काय झालंय मना? जा बघू गपगुमान." मी गेले. काका म्हणाले, माझा टेंपो वळणाआड गेला आणि तू अंगणातच बसलीस ती तुला उचलून आत न्यावं लागलं, पंधरा दिवस तू अंथरुणात होतीस, आणि कोणीही मला कळवायचं नाही अशी सगळ्यांना शपथ.

काका गेले आणि मी तुझ्यावर इतकी चिडले, इतकी चिडले की काय सांगू. अख्ख्या गावाला कामाला लावलंस? माझ्या एका पायासाठी? माझ्यापाशी आयुष्यात फुशारकी मारण्यासारखं एवढं एकच होतं. नवरा लवकर गेला, घर दोन खोल्यांचं, नोकरी टेप लावण्याची, पण माझा पाय लागतो हे होतं. ते तू मला दिलं होतंस आणि ते पितळ निघालं, आणि कळलं कधी तर पाय मेल्यावर. आणि वर तू मला काय शिकवलंस? की आई म्हणजे अशी असते. दुखतंय म्हणत नाही. हंडा घेऊन ताठ चालते. तुला कोणी सांगितलं होतं गं एवढी मोठी व्हायला? तू थोडी रडली असतीस, एकदा जरी म्हणाली असतीस की पोरी, नाही गेली, मेली आत कुरतडतेय, तर आज मला माहीत असतं की हे असं म्हणायचं कसं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तू खाल्लास, आणि मला वाटत राहिलं की तुला लागतच नाही.

आता माझ्या लेकीचं. नाशिकला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागलीय. कायमची. त्यांनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली, एकदा माझं ऑपरेशन म्हणून, एकदा माझे टाके पिकले म्हणून. आता ह्या सोमवारी हजर व्हायचं ठरलं होतं. मी रोज तिला "जा" म्हणत होते. ती रोज विचारायची, "मम्मी, नीट सांग ना. खरंच जाऊ? दुखत नाही ना आता?" आणि मी तुझी लेक, मी तिच्यासमोर स्वयंपाकघरापर्यंत ताठ चालत जायची, ओट्याला धरून तिच्या नजरेआड दात आवळायची आणि कुकरचं झाकण आपटून सांगायची, "अगं, मी आता नाचेन. तू जा." शेजारच्या वहिनींना दोन वेळच्या पोळ्यांचं सांगून झालं. गेल्या गुरुवारी न्हाणीघरात पडले, स्टुलासकट. नळाला धरून उठायला अर्धा तास लागला. ती बाजारात गेली होती. आल्यावर म्हणाली, "केस ओले का?" म्हटलं, "न्हायले." तेव्हा तुझी आठवण आली, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की जमतंय. मलाही हंडा उचलता येतोय.

रविवारी दुपारी ती निघाली. रिक्षा खाली उभी, बायपासवरून नाशिकची गाडी धरायची होती. तिनं सँडल घातले, सॅक पाठीवर चढवली, देवाला हात जोडले, माझ्या पाया पडायला वाकली. किती सहज वाकते गं ती! कमरेतून घडी पडल्यासारखी. उठून म्हणाली, "येते मम्मी." आणि मी म्हटलं, "दुखतं."

ती म्हणाली, "काय?"

मी सगळं सांगितलं. की पहिल्या दिवसाइतकंच दुखतं. की पाय अजूनही कळत नाही. की गुरुवारी पडले होते. की डॉक्टर म्हणाले, कदाचित हे असंच राहणार, आणि मला ह्या घरात एकटीला संडासाला जायची भीती वाटते. बोलताना मी हमसून रडत होते आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खालून रिक्षावाला हॉर्न मारत होता, "जल्दी करो बेटा." तिनं सॅक खाली ठेवली. खिडकीतून त्याला म्हणाली, "भैया, आप जाओ." मग माझ्यापाशी बसून माझं डोकं मांडीवर घेतलं. "आधी का नाही सांगितलंस, मम्मी? एवढं सहन करत होतीस?" मी म्हटलं, "तुझं नुकसान नको म्हणून." शेजारच्या वहिनीही आल्या, म्हणाल्या, आई ती आईच, पोरीसाठी कसं गिळत होती बघा. लेक माझ्या केसांतून हात फिरवत होती आणि रडत होती.

पण आये, खरंच सांगायचं होतं तर मला आधीचा अख्खा आठवडा होता. डॉक्टरांकडं जाऊन सांगता आलं असतं, तिनं काहीतरी सोय लावली असती, एखादी बाई बघितली असती, मला तिकडं नेण्याचं बघितलं असतं. मी थांबले सॅक पाठीवर चढेपर्यंत. आणि ती खाली बसून सँडलचा पट्टा सोडत होती ना, तेव्हा मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. पाठ तेव्हा दुखत असेलच, पण माझं लक्ष नव्हतं. तू असं कधी केलं नसतंस. किंवा तुलाही करावंसं वाटलं असेल, आणि म्हणून तू त्या दिवशी आधीच हंडा डोक्यावर घेतलास. मला आता तुझं काहीच कळत नाही.

हा कागद मी फाडून टाकणार आहे, कारण तू वाचणार नाहीस आणि ती वाचेल. लॅबवाल्यांनी तिला फोनवर सांगितलंय, शुक्रवारपर्यंत बघतो, मग दुसरी घेतो. आज बुधवार. मी जा म्हटलं, पोळ्यांचं, बाईचं, सगळं नीट बोलले, तर ती अजून जाईल, सॅक अजून भरलेलीच आहे. ती आत कणीक मळतेय, परातीचा आवाज येतोय. हे लिहिता लिहिता मी तिला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ती हात पुसत आली, आणि दोन्ही वेळा मी पाणी मागितलं.